तळ्याकाठचे जोडवे

‘नशातेल’ हे गावाचे नाव आहे, कोणा वैद्याच्या तेलाचे नव्हे, हे सौ.ला पटवण्यात आमच्या विमानप्रवासाचा पहिला तास सुखाने गेला. स्वित्झर्लंडच्या पश्चिमेकडचे, फ्रेंच बोलणारे हे गाव. चिरंजीव तिथे नोकरीला असतात. गावाच्या पायाशी त्याच नावाचे सरोवर आहे, सुमारे २१८ चौरस किलोमीटरचे. संपूर्णपणे स्वित्झर्लंडच्या हद्दीत असलेले हेच सर्वांत मोठे तळे. हवा स्वच्छ असली म्हणजे पलीकडे आल्प्सची रांग दिसते. आमच्या तीन आठवड्यांच्या मुक्कामात ती चारदा दिसली.

दुसऱ्याच दिवशी सौ.ने तळ्यात पाय बुडवले आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. नदी असो, समुद्र असो, पाणी दिसले की तिचा हा परिपाठ ठरलेला. रात्री लक्षात आले की डाव्या पायातले जोडवे नाही.

आजीजवळचे राणीछाप रुपये मोडून माझ्या आईने ती जोडी कोल्हापूरच्या गुजरीत करवून घेतली होती, आमच्या लग्नात. बाजारभावाने किंमत म्हणाल तर फारशी नाही. पण त्या रात्री जेवताना कोणी बोलेना. पुढचे दिवस सौ.ने पायांत मोजे घालून काढले.

चिरंजीवांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त घड्याळजी राहतात. त्यांना ही हकीकत कळली. म्हातारबुवांचा छंद म्हणजे धातुशोधक यंत्र घेऊन पोहण्याच्या घाटावर पहाटे फिरणे. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती आणि कानांवर श्रवणयंत्र. चकतीतल्या तारेतून वीज खेळते, तिच्या चुंबकीय प्रभावाने वाळूतल्या धातूतही विजेचे भोवरे उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद कानात सुराच्या रूपाने वाजतो. लोखंडाचा सूर खर्जातला, चांदीचा उंच. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने असेच यंत्र वापरले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात.

हा छंद तिकडे वाटेल त्याने वाटेल तिथे करायचा नसतो. कॅन्टनची, म्हणजे त्यांच्या प्रांताची, परवानगी लागते. शास्त्रीय मोलाची पुरातन वस्तू सापडली तर ती कायद्याने कॅन्टनची. (आपल्याकडेही दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवावे, असे १८७८ सालचा कायदा सांगतो.) घड्याळजींच्या खिशात परवानगीचा कागद नीट घडी घालून ठेवलेला असे.

शोधायच्या वस्तूचा सूर आधी यंत्राला ऐकवावा लागतो, असे ते म्हणाले. उरलेले जोडवे पायातून काढायला सौ. तयार होईना. शेवटी तिला खुर्चीत बसवले, तिने मोजा काढला, आणि घड्याळजींनी तिच्या पायावरून ती चकती आरती ओवाळावी तशी फिरवली. सूर मिळाला. त्यांनी पुढे लवून नमस्कारही केला, तो पायाला की चांदीला, कोण जाणे.

तीन सकाळी आम्ही घाटावर गेलो. वाळूतून काय काय निघावे! बाटल्यांची पत्र्याची झाकणे, पेयांच्या डब्यांच्या अॅल्युमिनियमच्या कड्या (यांचा सूर सोन्याच्या अंगठीसारखा येतो म्हणे, त्यामुळे दर वेळी काळीज हलते), गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या, एक शिसपेन्सिलीएवढा कथलाचा शिपाई. एक लग्नाची अंगठीही निघाली, आत दोन अक्षरे कोरलेली. ती घड्याळजींनी वेगळ्या डबीत ठेवली, हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत द्यायला. मग कुलपाची एक बारीक किल्ली सापडली. ती त्यांनी निरखली, हसले आणि दूर पाण्यात भिरकावून दिली. प्रेमिक जोडपी पुलाच्या कठड्याला कुलूप लावून किल्ली पाण्यात टाकतात, ती ही असावी. “ही हरवलेली नाही, दिलेली आहे,” असे ते म्हणाल्याचे चिरंजीवांनी भाषांतर केले.

जोडवे मात्र मिळाले नाही.

आमची तोंडे पाहून घड्याळजी आम्हाला तळ्याच्या ईशान्य टोकाला घेऊन गेले. त्या जागेचे नाव ला तेन. आज तिथे पाहण्यासारखे फार नाही; थोडी झाडी आणि तळ्यातून निघणारा कालवा. पण १८५७ च्या नोव्हेंबरात पाणी फार खाली गेले होते, तेव्हा कर्नल श्वाब नावाच्या संग्राहकासाठी काम करणाऱ्या हान्सली कोप या माणसाला इथे चिखलात सुमारे चाळीस लोखंडी शस्त्रे मिळाली. पुढे जुरा भागातल्या नद्यांचे पाणी कालवे काढून वळवले आणि तळ्यांची पातळी दोन-अडीच मीटरने उतरवली, तशी जागा उघडी पडली. हळूहळू अडीच हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या; त्यांत दीडशेहून अधिक तलवारी, भाले, ढाली, साडीपिनेसारखे आकडे, माणसांची हाडेसुद्धा. इसवी सनापूर्वीच्या केल्टिक लोकांच्या एका अख्ख्या कालखंडाला युरोपात या ठिकाणाचेच नाव मिळाले.

जवळच ओतरीव्ह इथे लातेनियम नावाचे संग्रहालय आहे, २००१ साली उघडलेले. तिथे त्या तलवारी पाहिल्या. नक्षीदार म्यानांसकट, चांगल्या धडधाकट. इतकी शस्त्रे पाण्यात गेली कशी? कोणी म्हणतात, देवतेला वाहिली. कोणी म्हणतात, पुरात पूल कोसळला आणि माणसांसकट सारे बुडाले. विद्वानांचे एकमत नाही. मला मात्र गाडी पुलावर आली की खिडकीतून कृष्णामाईला पैसा टाकणारी आजी आठवली. दोन हजार वर्षांनी तो पैसा कोणाला सापडला, तर त्याला काय वाटेल? भोकाच्या खिशातून पडला असेच ना?

सौ. काचेपुढे बराच वेळ उभी होती. तिला तलवारींत रस नव्हता. त्या हाडांकडे पाहून तिने हात जोडले.

परत आल्यावर नवी जोडी घेतली. जुने एकटे जोडवे देव्हाऱ्यात, करंड्याशेजारी राहिले. त्याचा विषय घरात निघत नसे.

हिवाळ्यात त्या तळ्याचे पाणी उतरते. मार्च महिन्यात एका दुपारी चिरंजीवांनी फोनवर छायाचित्र पाठवले. सुरकुतलेला तळहात, त्यावर काळपट पडलेले आमचे जोडवे. खाली घड्याळजींचा निरोप होता: सूर तोच आहे. पण वहिनींना आधी विचारा. पोस्टाने पाठवू, की पाण्यात परत ठेवू?

मला तो प्रश्न फार आवडला. ला तेन, आजीचा पैसा, पाण्यात भिरकावलेली ती किल्ली, सारे डोळ्यांपुढे आले, आणि एखादे सुंदरसे उत्तर मनात जुळवू लागलो. सौ.ने चष्मा लावून छायाचित्र नीट पाहिले.

“अहो, विचारतात काय? पाठवून द्या म्हणावं. मी काही ते वाहिलं नव्हतं, पडलं होतं,” ती म्हणाली. “आणि टपालखर्च किती झाला तोही विचारा.”