एकावर एक

चिखला गावात भुयारी खाणीतून मँगनीज निघतं. पाळी सुटली की माणसं वर येतात ती भुवयांपर्यंत काळवंडून. गावात काही घरं अशीही असतात, खाणीवर राबणारी असोत की धानाच्या बांधीत, जिथलं पोर बाहेर चप्पल वाजली की ओळखतं, बाप आज पिऊन आला की नाही. धाकट्या बहिणीला खुणावतं, दप्तर आवरतं, कोपरा धरतं. लोक कौतुकानं म्हणतात, "मोठं समजदार आहे जी पोट्टं."

मला त्या समजदारीची धास्ती वाटते. आठव्या वर्षी कान सतत टवकारलेले, म्हणजे शरीर झोपेतही पहाऱ्यावर. मोठेपणी धोका सरला तरी तो पहारा बऱ्याचदा उठत नाही. साध्या हाकेनंही छाती धडधडते.

तरी एकट्या दारूनं पोर मोडतंच असं नाही. मायकेल रटर या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी 1979 साली हिशेब मांडला. घरातली भांडणं, दाटीवाटी, गरिबी, आईचा मानसिक आजार यांसारख्या गोष्टींपैकी एखादीच असली, तर मुलाला मनोविकाराचा धोका जवळपास वाढत नव्हता. दोन एकत्र आल्या की चौपट. पुढे 1998 साली कॅलिफोर्नियात फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांना दिसलं, की ज्यांनी लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे घाव सोसले, त्यांच्यात व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका 4 ते 12 पट होता.

आणि आपल्याकडे सारं जोडीनंच येतं. पाऊस दगा देतो, उसनवारी होते, त्याच वर्षी आई बाळंतपणानंतर खचते, मग धाकट्याला सांभाळायला थोरलीची शाळा सुटते. आपण मात्र सगळा दोष दारूवर टाकून मोकळे होतो.

रटर यांच्या हिशेबात मला आशा दिसते. दोनांतलं एक ओझं उचललं तरी पोराला श्वास घेता येईल. बापाची दारू सुटेल तेव्हा सुटेल. तोवर आईचं खचणं गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईच्या, ध्यानात वेळीच यावं, थोरली वर्गात परतावी, आणि पोराच्या पाठीशी कुणीतरी असावं. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कठीण घरांतली सुमारे एक-तृतीयांश मुलं धडधाकट निघाली. त्यांच्यापाशी बहुधा एक तरी भरवशाचं माणूस होतं.

इथे ते माणूस म्हणजे शेजारची मोठी आई, जी काही न विचारता पोराला ताटावर बसवते. तिला एवढंच सांगून ठेवायला हवं, की 14416 या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावला तर या पोराच्या आईशी कुणीतरी मराठीत बोलेल, रात्रीसुद्धा, आणि पैसे पडत नाहीत.