बेटावरचे बिऱ्हाड

उन्हाळ्याच्या सुट्टीत पनवेलच्या माणसाने कुठे जावे, हा प्रश्न खरे म्हणजे पडूच नये. माथेरानचा डोंगर गच्चीवरून दिसतो, घाट चढला की लोणावळे आहे आणि अलिबागची एस. टी. तर दिवसभर सुटत असते. असे असता २०२५ च्या मे महिन्यात मी, सौभाग्यवती, बारा वर्षांची कन्या आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघे जण घारापुरी बेटावर बिऱ्हाड थाटायला निघालो, तेव्हा शेजारीपाजारी चकित झाले. "घारापुरीला लोक सकाळी जातात नि संध्याकाळी परततात. तुम्ही महिनाभर तिथे करणार काय?" असे त्यांनी विचारले. "प्रबंध पुरा करणार," असे मी सांगितले. गेली चौदा वर्षे प्रत्येक सुट्टीत मी हेच उत्तर देत आल्यामुळे पुढे कोणी काही विचारले नाही.

खरे कारण आई होती. तिचे माहेर पनवेलच्या खाडीकाठचे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा वस्त्या उठल्या, त्यांतलेच ते एक गाव. भावांना दुसरीकडे भूखंड मिळाले, घरे झाली, दारात गाड्या आल्या. तक्रार करावी असे आईजवळ काही नव्हते आणि ती करीतही नव्हती. फक्त तिची झोप गेली. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ती रात्र रात्र खिडकीपाशी बसून राही. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या दिल्या, शेवटी "वय झाले" म्हणून सोडून दिले. एकदा मीच विचारले, "आई, झोप का येत नाही?" ती म्हणाली, "आवाज नाय येत." खाली महामार्गावरून रात्रभर मालमोटारी धडधडत असताना आणखी कसला आवाज हिला हवा आहे, हे मला कळेना. मराठीचा प्राध्यापक असून एवढे साधे वाक्य समजायला मला सहा महिने लागले.

बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही. पण घारापुरी हे काही नुसते लेण्यांचे ठिकाण नव्हे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन नांदती गावे तिथे आहेत आणि नांदत्या गावात पाहुणा म्हणून जायला कोणाची हरकत नसते. माझा एक जुना विद्यार्थी मोराबंदरचा. "सर, आजोबांचे घर मोकळेच आहे. एक खोली आणि ओटी. चालेल तर या," असे तो पुष्कळ दिवस म्हणत होता. ते आमंत्रण मी एकदाचे वसूल केले. (उरणजवळचे मोरा बंदर निराळे आणि बेटावरचे मोराबंदर निराळे. हा घोटाळा मी स्वतः केलेला असल्यामुळे वाचकांना आधीच सावध करून ठेवतो.)

यजमानाने दुपारी न्हाव्याला यायला सांगितले होते. तिथून होडीने पलीकडे. पण दुपारचे ऊन आईला सोसणार नाही, असा सुज्ञ विचार करून मी सकाळीच निघण्याचा बेत केला. आदल्या रात्री आईने विचारले, "उद्या तिथी कंची?" सौभाग्यवतींनी भिंतीवरचे कालनिर्णय पाहून चतुर्थी सांगितली. "मंग सकालच्याला पानी नसंल," आई म्हणाली. मी ते कानाआड केले. १ मे रोजी सकाळी नऊच्या सुमारास गव्हाण फाट्यावरून वळून आम्ही न्हाव्याच्या काठाशी उतरलो. दोन बॅगा, एक वळकटी, तांदळाची गोणी, पुस्तकांची पेटी असा सरंजाम. समोर पाहतो तो पाण्याच्या जागी नुसता चकचकीत काळा चिखल! त्यावर निवट्या उड्या मारीत होत्या आणि आमची होडी एका बाजूला कलंडून निवांत पडली होती. पुढचे चार तास आम्ही एका झाडाखाली बसून काढले. आई काही बोलली नाही. न बोलण्यातही किती बोलता येते, हे मी त्या दिवशी शिकलो. एकच्या सुमारास पाणी चढले, होडी आपली आपण सरळ झाली आणि आम्ही निघालो.

होडीत मी तिला विचारले, "तुला कसे कळले?" त्यावर तिने सांगितलेले गणित पश्चिम किनाऱ्यावरच्या खारव्या-कोळ्यांना, आगऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, मला मात्र पंचेचाळीस वर्षांनी कळत होते. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, रात्रीही तीनला. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या आणि पौर्णिमा या पंधराव्या, म्हणून सव्वाअकरा. प्रत्यक्षात बाराच्या आसपास. हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण होडी चिखलात रुतू नये एवढा तो नक्की चोख आहे. याचे कारणही सोपे आहे. भरती चंद्रामागे चालते आणि रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा येते. पंधरा तिथींत बारा तासांचा फेरा पुरा होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या आईने आकाश, पंचांग आणि खाडी यांची सांगड बोटांच्या पेरांवर घातलेली होती, आणि मी मोबाइलमध्ये हवामान पाहत होतो!

बेटावर संसार मांडायचा म्हणजे काय, हे दोन दिवसांत उमगले. गॅसचे सिलिंडर होडीतून, भाजी होडीतून, मीठ विसरले तर तेही होडीतून. त्यामुळे आठवण नावाच्या गोष्टीला फार किंमत येते. मे महिन्यात पाणी हंड्यांनी मोजून वापरायचे. दारात काही वाळत घालायचे तर काठी घेऊन राखणीला बसायचे, कारण माकडे. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण एका माकडाने चिंचेवर नेले आणि दोन पाने चाळून खाली टाकून दिले. मार्गदर्शकांचेही मत पूर्वी साधारण असेच पडले होते.

यजमानाची आई आणि माझी आई यांची गट्टी मात्र पहिल्याच संध्याकाळी जमली. "बस गो बाय," एवढे म्हणून त्या माउलीने पाट सरकवला आणि दोघी जवळा निवडायला बसल्या. दोघींचे बोलणे चालले की आमची कन्या तोंडाकडे पाहत राही. तिच्या आजीला इतके बोलता येते, हे तिला ठाऊकच नव्हते. घरात आमच्याशी ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करी आणि म्हणून कमी बोले. या शुद्धतेच्या अपराधात माझा वाटा किती, याचा हिशेब मी त्या ओटीवर बसून मनाशी करीत होतो.

ती माउली सांगे, बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्राच्या तळातून आणली. तोवर संध्याकाळी सातच्या सुमाराला जनरेटर सुरू व्हायचा आणि दहाला बंद. समोर मुंबई दिव्यांनी लखलखतेय आणि आपण चिमणी लावून बसलोय, असे आयुष्य काढलेले ते लोक. "आता रात व्हाला उशीर लागतो," ती म्हणाली. हे सुख की दुःख, ते मला तिच्या आवाजावरून कळले नाही.

पहिल्या रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. ओटीखाली दगडांवर पाणी हलकेच आपटत होते. एकदा चुबुक, मग थोडी वाट पाहून पुन्हा चुबुक. कोपऱ्यात आई गाढ झोपली होती. मी उठल्याची चाहूल लागली असावी, ती झोपेतच पुटपुटली, "भरतीचा पानी आला." आणि कूस वळून पुन्हा घोरू लागली. तिला हवा असलेला आवाज तो हाच होता.

लेणी पाहायला आम्ही मुद्दाम सोमवार निवडला. शंकराचा वार म्हणून. सोमवारी लेणी बंद असतात! मंगळवारी पुन्हा गेलो. पायऱ्यांपाशी डोलीवाल्यांनी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अजून चौघांनी उचलाची वेल नाय आली." आणि थांबत थांबत स्वतःच्या पायांनी वर गेली. साडेपाच मीटर उंचीचा तो सदाशिव सहाव्या शतकाच्या सुमाराचा. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अघोर, तत्पुरुष, वामदेव ही तिन्ही मुखे मी तिला वर्गात शिकवावी तशी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले, हात जोडले आणि "डोले मिटून बसलाय. ह्याला झोप लागते," एवढेच म्हणाली. सदाशिवावर मी पुष्कळ वाचले आहे. इतका हेवा वाटलेला अभिप्राय मात्र कुठे वाचलेला नाही.

परतताना मी तिला हत्तीची गोष्ट सांगितली. राजबंदरापाशी एक दगडी हत्ती होता. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ साली त्याची मान कोसळली, १८६४ साली तुकडे मुंबईला नेले. पुढे ते पुन्हा जोडले आणि आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव पडले, तो बेटावर नाहीच. आईने ऐकून घेतले आणि विचारले, "त्याला पन उठवला का?"

मी एकदम गप्प झालो. मला गोष्ट सांगायची होती; तिने नाते सांगितले.

त्या संध्याकाळी ती पूर्वेकडे तोंड करून बराच वेळ बसली. मोराबंदराहून समोर न्हावा दिसते, उजव्या हाताला जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच क्रेन, डावीकडे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू. दिवे लागले की सगळी क्षितिजरेषा झगमगते. आई त्या झगमगाटात काहीतरी शोधत होती. शेवटी म्हणाली, "डोंगर नाय दिसत." उलव्याचा डोंगर. माझे आजोबा होडी घेऊन खाडीतून परतत ते त्या डोंगराच्या खुणेने. डोंगर अमुक हाताला आला की नाळ माहेरच्या बंदराकडे वळवायची. विमानतळासाठी तो नव्वद मीटरच्या आसपास उंचीचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. पण डोंगर नाहीसा होणे म्हणजे कोणाच्या तरी घरची वाट पुसली जाणे, हे वर्तमानपत्रात छापलेले नसते. विमानतळ हवा होता की नको, यावर वाद घालायला पुष्कळ शहाणे समर्थ आहेत. मी स्वतः एखाद्या दिवशी तिथून विमानात बसेन. त्या घटकेला मात्र मला आईकडे पाहवेना.

तिने डोळे पुसले नाहीत. नातीला हाक मारून विचारले, "आज तिथी कंची? पानी कवा?" कन्येने बोटे मोजून उत्तर दिले. बरोबर होते. "हां!" म्हणून आई उठली आणि भाकऱ्या थापायला गेली.

आम्ही मृगापर्यंत राहणार होतो, पण पावसाने ऐकले नाही. वीस तारखेनंतर वारा फिरला, पाणी गढूळ झाले. "सर, आता थांबू नका. अमावास्येचे उधाण आणि वारा एकत्र आले तर आठ दिवस अडकाल," यजमान म्हणाला. त्याच्या आईने मात्र माझ्या आईचा हात धरला. पाऊसभर राहा म्हणाली. आईने विचार केला आणि मान हलवली. "पावसाला आपल्या घरा," ती म्हणाली. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खोल्यांना तिने ‘आपले घर’ म्हटलेले मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

२३ मे, एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. या वेळी मी साडेसातलाच सामानासकट काठावर हजर होतो. होडी डुचमळत न्हाव्याला लागली, आणि तीन दिवसांनी, २६ मे रोजी, मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला; पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता.

प्रबंध अर्थातच पुरा झाला नाही. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. आई अजूनही रात्री कधी कधी उठून खिडकीपाशी बसते, नाही असे नाही. पण आता तिच्या शेजारी नात येऊन बसते. कालनिर्णय पाहते, बोटे मोजते आणि दोघी मिळून ठरवतात की या घटकेला खाडीत पाणी कुठवर आले असेल. मग आई झोपते.

आज हे लिहितो आहे तेव्हा नवमी आहे. नवाची पाऊणपट पावणेसात. साडेसहा होऊन गेले आहेत. आत आजी-नातीची बोलणी ऐकू येत आहेत, आणि आमच्या घरात भरती होत आली आहे.