ट्रान्ससेटची टिचकी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसाठी चादरी-टॉवेलांची जकार्ड डिझाइनं काढणं हा माझा धंदा. जुनी चादर स्कॅन करायची, तिच्यावर आलेखाची खिडकी अर्धपारदर्शक करून ठेवायची आणि मोर चौकोनाचौकोनानं गिरवायचा. (माझ्या आलेखाच्या प्रोग्रामला लेयर ठाऊक नाहीत.) लिनक्सवर 'ट्रान्ससेट' चालवून खिडकीवर टिचकी मारली की काम व्हायचं. मग खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या 'एक्स' या जुन्या डिस्प्ले सर्व्हरच्या जागी वेलँड आलं आणि टिचकी चालेना. वर्षभर मी वेलँडला शिव्या घातल्या, त्याही चारचौघांत. त्यातल्या बहुतेक आज मागे घेतो.

माझी समजूत अशी होती, की खिडकी काचेची असते. पण जुन्या एक्समध्ये झाकलेला भाग सहसा साठवलाच जात नसे; वरची खिडकी सरकली की खालच्या प्रोग्रामला 'पुन्हा रंगव' असा निरोप जाई. तेव्हाची 'पारदर्शक' टर्मिनलं चक्क वॉलपेपरचा तुकडा पाठीशी चिकटवत. मध्ये दुसरी खिडकी असली तरी दिसे वॉलपेपरच! 2004 मध्ये एक्सला 'कॉम्पोझिट' नावाची जोड मिळाली. खिडक्या पडद्याआड वेगवेगळ्या रंगू लागल्या आणि कॉम्पोझिटर नावाचा प्रोग्राम त्यांची बेरीज करू लागला. वरचा पांढरा 255, खालचा काळा 0, अपारदर्शकता 60 टक्के, तर पडद्यावर 153 चा राखाडी. ट्रान्ससेट खिडकीवर फक्त त्या आकड्याची चिठ्ठी डकवत होतं.

मत फिरलं ते भाच्यामुळे. "मामा, तुमच्या लाडक्या एक्समध्येच लॉगिन करा आणि डिझाइन उघडून ठेवा," म्हणाला. टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप केली आणि माझा अख्खा पडदा, न विकलेल्या मोरासकट, त्याच्या फाइलीत. पडद्याचं चित्र टिपणारी ही 'एक्सडब्ल्यूडी' आज्ञा एरवी निदान बीप तरी वाजवते; पठ्ठ्यानं तीही बंद ठेवली होती. परवानगी कुणी विचारलीच नाही. नकलेच्या भीतीनं मी कारखानदाराला नमुना मोबाइलवर पाठवत नाही, आणि घरात दार हे असं सताड उघडं.

वेलँडमध्ये प्रोग्राम आपलं चित्र पारदर्शकतेसकट कॉम्पोझिटरच्या हवाली करतो. मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. डिस्प्ले सर्व्हर आणि कॉम्पोझिटर तिथे एकच. माझी टिचकी बाहेरची, म्हणून अडली. हीच सोय केडीई डेस्कटॉपच्या खिडकी-नियमांत आधीपासून होती, आणि मी ती उघडूनही पाहिली नव्हती. आता आलेख कायम 55 टक्क्यांवर असतो. भाच्याला मात्र हे अजून कळवलेलं नाही.