सीट खाली करून देतो

परवा भाच्याने फोनवर तीन सायकलींचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, 'मामा, यातली कुठली घेऊ? वीस हजारांच्या आत बसवायचंय.' मी उलट विचारलं, 'तुझी उंची किती?' त्याचं उत्तर आलं, 'तिचा काय संबंध?'

तिथे माझं डोकं सटकलं. पोराची काही चूक नाही. पण हा एक प्रश्न मला २०२० साली कुणी विचारला नाही, त्यापायी माझे साडेसात हजार गेले. पैशांचं एक वेळ सोडा, अजून मनातून जात नाही ते वेगळंच.

ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. लोकल आम्हाला बंद, जिम बंद, आणि मालाडहून गोरेगावच्या ऑफिसला जायला रिक्षावाला मागेल ते भाडं. सगळ्या मुंबईला एकदम सायकल आठवली. गंमत बघा, त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आमच्या बाबांची सायकल ॲटलासची. तिकडे ॲटलास आटोपली आणि इकडे मालाड ते बोरिवली कुठल्याही दुकानात जा, 'माल नाही, ॲडव्हान्स देऊन ठेवा.' मी दोन हजार देऊन ठेवले.

मला काय हवं होतं ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. बोकडाच्या शिंगांसारख्या हँडलची रोड सायकल नको, कारण तेवढं वाकायला कंबर तयार नव्हती. जाड टायरची डोंगरी सायकलही नको, ती लिंक रोडवर हमालीच वाटते. मधली हवी होती : रोड सायकलचं अंग आणि साध्या सायकलचे हात. मोठी, हलकी चाकं, सरळ हँडल. दुकानात तिला हायब्रीड म्हणतात. मी आठवडाभर व्हिडिओ बघून गिअर, ब्रेक, टायर सगळं पाठ केलं होतं. मापाचं प्रकरण येई तेव्हा व्हिडिओ पुढे ढकलायचो. सायकल काय, सायकलीएवढीच असणार!

ऑगस्टमध्ये दुकानातून फोन आला. एकच आली होती, काळी, २१ गिअरची, डिस्क ब्रेकवाली. साडेअठरा हजार. फ्रेमवर बारीक 'एल' लिहिलेलं होतं. मी पाच फूट पाच. दुकानातल्या पोराने माझ्याकडे एकदा पाहिलं, सीटखालचा खटका उघडला, सीट तळापर्यंत दाबली आणि म्हणाला, "अंकल, सीट नीचे कर दिया. हो जायेगा."

अंकल! मी तेव्हा शेहेचाळीसचा होतो. ते असो.

पहिल्या रविवारी मीठ चौकीच्या सिग्नलला ब्रेक दाबला, सीटवरून पुढे उतरलो आणि दांडीने मला जिथे गाठलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाय टेकवायचे तर टाचा वर, चवड्यांवर नाचत उभा. मागे रिक्षावाला हॉर्न देतोय. आयएनएस हमलाच्या पुढे जाईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. मार्व्याला चहाचा ग्लास धरला तर तो हातात आहे की नाही ते बघून खात्री करावी लागली. मान तर अशी धरली की सोमवारी ऑफिसात कुणी हाक मारली की खुर्चीसकट वळायचो.

आता कारण कळतं. सीट खाली घेतली की पाय पुरतात, पण सीट ते हँडल हे अंतर जवळपास तेवढंच राहतं. सीटची नळी जरा मागे कललेली असते, त्यामुळे पाच सेंटीमीटर खाली घेतली तर सीट जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे येते, बस. म्हणजे लांब फ्रेमवर बुटका माणूस पुढे ताणलेलाच राहतो, अंगाचा भार तळहातांवर येतो आणि तिथली नस दबते. वर सीट गरजेपेक्षा खाली, म्हणून गुडघे दुखणार ते वेगळंच. 'हो जायेगा'ने यातलं काहीही होत नाही.

नवव्या दिवशी सायकल ढकलत दुकानात गेलो. बदलून द्या, लहान माप येईल तेव्हा द्या, मी थांबतो. मालक भला माणूस वाटत होता, त्याने चहासुद्धा विचारला. मग माझंच बिल माझ्यासमोर ठेवून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मी म्हटलं, साहेब, फक्त पन्नास किलोमीटर चाललीय. तो म्हणाला, तेच तर, आता ती जुनी झाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने हँडलचा पुढचा दांडा आखूड बसवायची तयारी दाखवली, नऊशे रुपयांत. तिसऱ्यांदा मी कायदा घेऊन गेलो.

नवा ग्राहक संरक्षण कायदा नुकताच, २० जुलै २०२० ला लागू झाला होता. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस. मी प्रिंट काढून, खाली रेघ मारून नेलं होतं. मालकाने चष्मा लावून शांतपणे वाचलं. मग विचारलं, "सायकलीत दोष काय आहे?"

मी गप्प. चाक सरळ, ब्रेक चोख, गिअर लोण्यासारखे पडतायत. सायकलीत दोष नव्हता, दोष माझ्या पायांत होता.

हे मला इतकं का झोंबलं त्याला आणखी एक कारण आहे. मी आयुर्विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसतो. समोरच्या बाईला 'अट वाचली होती का?' हे वाक्य मी तीच शांतता ठेवून वीस वर्षं ऐकवत आलोय. फरक एवढाच की आमच्याकडे पॉलिसी पटली नाही तर तेव्हा १५ दिवसांत परत करता यायची, आता ३० दिवसांत. कागदाला परतीची सोय आणि ज्यावर प्रत्यक्ष बसायचं त्याला नाही, हा कुठला न्याय? हे मी घरी, ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर इतक्या वेळा बोललो की बायको म्हणाली, आता पुरे, सायकलपेक्षा तुम्हीच जास्त फिरताय.

वर मी लिहिलंय की मला कुणी विचारलं नाही. उंची विचारली नाही हे खरं. पण त्या पोराने सायकल फुटपाथवरून खाली उतरवली होती आणि म्हणाला होता, "चक्कर मार के देखो." मीच नको म्हटलं. पंचवीस वर्षं सायकलला हात लावलेला नव्हता. संध्याकाळची एस. व्ही. रोडची गर्दी, तोंडाला मास्क, पायात ऑफिसची पँट, आणि त्यात समोरच्या फार्मसीच्या रांगेत आमच्या सोसायटीचे दोघे उभे. पडलो असतो तर? दोन मिनिटांची ती लाज मला साडेसात हजारांना पडली. हे मी मालकाला कधी सांगितलं नाही. गेटवरच्या भाषणातही नाही.

बाबांची ॲटलास चोवीस इंची फ्रेमची होती आणि बाबा माझ्याएवढेच. कुरारच्या चाळीतून ते एक पाय पेडलवर ठेवून चार पावलं धावायचे, टांग टाकायचे आणि निघायचे. उतरतानाही तसंच, चालत्या सायकलीवरून. आम्ही पोरं तीच सायकल कैची मारून शिकलो. त्यांच्या करंगळ्या बधिर व्हायच्या का, हे विचारायचं कधी सुचलं नाही. कदाचित त्यांचंही 'होईल' म्हणूनच निभावलं असेल.

भाच्याला मी जे लिहून पाठवलं ते असं. दोन्ही पाय पूर्ण टेकवून दांडीवर उभा राहा. दांडी आणि अंग यांच्यात इंचभर जागा दिसली पाहिजे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेव. पेडल तळाला गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. पुढचे शॉकअप्सर बघून भुलू नकोस. या किमतीतले नुसते वजन वाढवतात आणि जोर गिळतात. २१ गिअरमधले कित्येक एकमेकांची नक्कल असतात. मालाडमध्ये चढ म्हणजे फ्लायओव्हर, आणि कान्हेरीला वर्षातून दोनदा जाणार. मागे सात-आठ असले तरी भागतं. टायर ३२ मिमीच्या खाली नको. २८ चा टायर पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत अडकतो. व्हॉल्व्ह स्कूटरसारखा घे, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला पंपवाला हात जोडतो. आणि हायब्रीडच्या चाकाची ट्यूब नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नसते, त्याच्याकडची ॲटलाससारख्या काळ्या सायकलीची २८ इंची असते, तेव्हा एक जवळ बाळग. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही १२ चा ५ टक्के झालाय, त्या वाचलेल्या पैशांत चांगलं कुलूप घे. आणि दुकानाबाहेर पंधरा मिनिटं चालवल्याशिवाय पैसे देऊ नकोस, कोण बघतंय याची फिकीर करू नकोस.

माझी ती सायकल मी दहा महिन्यांनी आमच्याच बी विंगमधल्या एका मुलाला अकरा हजारांना दिली. पाच फूट अकरा आहे तो. मी जुनी, लहान मापाची, सात गिअरची घेतली. तिचा रंग उडालाय, पण ती माझ्या अंगाला बसते.

गेल्या महिन्यात मार्वे जेट्टीवर तो मुलगा भेटला. मनोरीच्या बोटीत सायकल चढवत होता, पुढे गोराईला जायला. मी आधी ओळखलीच नाही. सीटची नळी चांगली वीतभर वर आलेली. त्या उंचीला ती सायकल काय देखणी दिसत होती! माझ्याकडे दहा महिने ती मान खाली घालून उभी होती म्हणायची.

मी विचारलं, "हातबित बधिर होतात का रे?"

"नाही काका. एकदम मस्त आहे."

मी म्हटलं, वा. पण खरं सांगायचं तर तो 'होतात' म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

भाच्याच्या मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतायत. उंची त्याने अजून कळवलेली नाही.