इंग्रजीचा अभ्यास व उत्साह

जून महिन्यांत नव्या पुस्तकांस खाकी वेष्टणें चढतात, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत नांव लिहिलें जातें, आणि यंदा इंग्रजीचा अभ्यास नेटानें करावयाचा असा निश्चय प्रत्येक विद्यार्थी करितो. गणपतीपर्यंत तो निश्चय बहुधा टिकतो. पुढें सहामाही परीक्षा होते, दिवाळीची सुटी येते, आणि सुटीनंतर तीच वही उघडावयास हात धजत नाहीं. हें चित्र आम्हीं विद्यार्थिदशेंत अनुभविलें व पुढें घरांतील मुलांच्या ठायींही पाहिलें. म्हणून उत्साह कोठून आणावा यापेक्षां तो मध्येंच कां मावळतो, याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटतें.

आमच्या वेळीं इंग्रजी पांचव्या इयत्तेंत सुरू होई. मराठी शाळांतून तें पहिलीपासून शिकविण्यास महाराष्ट्रांत २००० सालीं आरंभ झाला. पहिल्या वर्षीं प्रत्येक दिवस लाभाचा वाटे. काल जी पाटी नुसती रंगीत फळी होती, तिच्यावरील दुकानाचें नांव आज वाचतां येई. आठवीच्या सुमारास मात्र निराळाच अनुभव येऊं लागला. रोज दहा शब्द पाठ करावे, आणि पुस्तकाचें नवें पान उघडतांच त्यांतील एकही भेटूं नये! विहीर खणतांना वरची माती भराभर निघते. मग खडक लागतो, आणि दिवसभर पहार चालवूनही खोली वाढलेली दिसत नाहीं. काम थांबलेलें नसतें. पण खणणाराच्याही डोळ्यांस तें दिसत नाहीं, आणि कित्येक विहिरी येथेंच सोडून दिल्या जातात.

या खडकाशीं आमचा निभाव लागला तो एका फाटक्या पुस्तकामुळें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडील मंडळींपैकीं पुष्कळांस आठवत असेल. तिचा पहिला भाग, पुठ्ठा गेलेला, आमच्या घरीं वडिलांच्या वेळेपासून होता. मन खट्टू झालें म्हणजे आम्ही पुढला धडा बाजूस ठेवून सहा महिन्यांमागला धडा काढीत असूं. ज्या वाक्यांनीं पूर्वीं घाम फोडिला होता, तीं आतां बोलतां बोलतां उलगडत. वर्गांतील क्रमांक आपण दुसऱ्याच्या किती मागें आहों एवढेंच सांगतो. आपण स्वतः किती वाट चाललों हें आम्हांस त्या जुन्या धड्यानेंच सांगितलें.

दुसरें संकट अक्षरयोजनेचें. 'नाइफ' म्हणजे सुरी. उच्चारांत नसलेला 'के' तिच्या आरंभीं कशास हवा, या प्रश्नानें आम्ही चिडून जात असूं. पुढें कळलें कीं, तो 'के' एके काळीं इंग्रज लोक खरोखरीच उच्चारीत. विल्यम कॅक्स्टननें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना काढिला. छापील पुस्तकांमुळें शब्दांचें लेखन हळूहळू कायम होत गेलें, आणि उच्चार मात्र बदलतच राहिले. आपल्याकडेही 'नाहीं' या शब्दावरील अनुस्वार कोणी उच्चारीत नाहीं. तो १९६२ च्या नियमांनीं लेखनांतून गेला, तरी आमची लेखणी वडिलांच्या वळणावर गेलेली असल्यामुळें अजून तो देतेच! हें उमगल्यावर राग गेला आणि कुतूहल आलें. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून तिकडे गेला हें समजलें तेव्हां तर परक्या गांवीं आपल्या आळींतला मनुष्य भेटल्यासारखें झालें.

परंतु उत्साहाचा खरा वैरी कठीणपणा नव्हे. हंसें हा होय. आमच्या वर्गांत गणितांत सर्वांच्या पुढें असलेला एक मुलगा होता. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीचा धडा वाचतांना त्यानें बेट या अर्थाचा 'आयलंड' हा शब्द अक्षरांप्रमाणें 'इसलंड' असा वाचला. वर्ग हंसला, आणि शिकविणारे गृहस्थही हंसले. त्या दिवसापासून तो मागल्या बांकावर बसूं लागला. इंग्रजीच्या तासास त्यानें पुन्हां तोंड म्हणून उघडिलें नाहीं, आणि शालान्त परीक्षेंत एकट्या इंग्रजीनेंच त्याची वाट अडविली. कित्येक वर्षांनीं आमच्या वाचनांत आलें कीं, मूळ इंग्रजी शब्दांत तो 'एस' नव्हताच. फ्रेंचांतून आलेल्या एका निराळ्या शब्दाशीं त्याचें नातें जोडून लिहिणारांनीं तो मागाहून घातला. चूक त्यांची, आणि हंसें झालें आमच्या सोबत्याचें! हें त्यास सांगावें असें फार मनांत आलें. पण तोंवर तो गांव सोडून गेला होता.

परकी भाषा शिकणाराच्या हातून चुका व्हावयाच्याच. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ १५७९ सालीं गोव्यास उतरले, तेव्हां मराठीचें छापील व्याकरण नव्हतें कीं कोश नव्हता. १५८३ सालीं भावास धाडिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें लिहिलें, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें तें १६१६ सालीं. मध्यें सदतीस वर्षें गेलीं. त्यांत किती वेळां ऐकणारे हंसले असतील याची कल्पनाच करावी.

"आम्हांस इंग्रजी येत नाहीं, आम्ही मुलांस काय शिकविणार?" असें जे पालक म्हणतात, त्यांस आमच्या मातोश्रींची हकीकत सांगावीशी वाटते. त्यांस इंग्रजीचें एक अक्षरही येत नव्हतें. संध्याकाळीं त्या तांदूळ निवडीत बसत व आम्हांस क्रूसोची तीच गोष्ट मोठ्यानें वाचावयास लावीत. अर्थ कळत नसे. पण आमचा आवाज घुटमळला कीं त्यांचीं बोटें थांबत. "अडखळलास. पुन्हां म्हण," एवढेंच त्या म्हणत, हंसत कधींच नसत. वाचून झालें कीं विचारीत, "मग त्या बेटावरच्या माणसाला दुसरं कुणी भेटलं का?" त्यांस सांगावयाचें तर आधीं आम्हांस समजावयास हवें, म्हणून कोश उघडावा लागे. एके रात्रीं क्रूसोस वाळूंत उमटलेलें पाऊल दिसतें तेथवर वाचन आलें आणि दिवे गेले. दुसऱ्या दिवशीं आमचा खेळ संपावयाच्या आधींच त्या सूप घेऊन ओटीवर येऊन बसल्या. "हातपाय मागाहून धू," त्या म्हणाल्या, "पाऊल कुणाचं होतं तें आधीं वाच."