दत्तक पूर्वज

आमच्या शेजारच्या काळ्यांचे पूर्वज अटकेपार गेले होते. दर गणपतीत ते आरतीनंतर पुन्हा एकदा जातात. आम्ही साखरफुटाणे खात त्यांना पोचवून येतो. यंदा काळ्यांनी मध्येच विचारलं, "आणि तुमचे हो?"

आमचे कचेरीत जात. पणजोबा कारकून, आजोबा कारकून, वडील हेडक्लार्क (घराण्याचा सुवर्णकाळ!) आणि मी बँकेत. आमच्यात घोड्यावर बसलेला एकमेव पुरुष मीच. तोही माथेरानला, तासाच्या बोलीवर.

तेव्हा ठरवलं, लोक मुलगा दत्तक घेतात, आपण पूर्वज घ्यावा. माणूसही सापडला : रॉबर्ट सर्व्हिस. आडनावातच नोकरी! जन्म 1874 चा, वाढला स्कॉटलंडात, तिथेच बँकेत चिकटला. 1896 साली काऊबॉय व्हायचं म्हणून कॅनडाला पळाला, काही वर्षं मिळेल ते काम करत भटकला आणि 1903 साली मुकाट्याने पुन्हा बँकेत लागला. बँकेचं नाव कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्स. मी बी. कॉम. यापेक्षा जवळचं नातं ते काय असायचं?

पुढच्याच वर्षी त्याची बदली थेट उत्तरेला, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला झाली. थंडीत पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो असा मुलूख. तिथल्या सोन्यासाठी हजारो माणसं धावली होती ती 1897-98 मध्ये. आमचा पूर्वज पोचला तेव्हा गर्दी ओसरली होती. उशिरा पोचणं आमच्या रक्तातच आहे. पण त्याने एक केलं. जुन्या खाणवाल्यांच्या गप्पा कान देऊन ऐकल्या आणि त्यांच्या कविता केल्या. एका कवितेसाठी तर बँकेच्या खातेदाराचंच नाव उचललं : सॅम मॅगी. कवितेत हा सॅम थंडीने मरतो, मित्र त्याला बोटीच्या भट्टीत घालतो आणि दार उघडून बघतो तर स्वारी आत मजेत बसलेली! वर म्हणते, दार लाव, गारठा येतो. खरा सॅम रस्ते बांधणारा साधा माणूस. पुढे म्हातारपणी तो युकॉनला गेला, तर दुकानात त्याचीच राख विकायला ठेवलेली!

1907 मध्ये सर्व्हिसने स्वखर्चाने छापण्यासाठी कविता पाठवल्या, तर प्रकाशकाने पैसे परत केले आणि वर मानधन देऊ केलं. (मराठी कवींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

मीही एकदा दिवाळी अंकात एका खातेदारावर लिहिलं होतं. गुप्तता म्हणून नाव बदललं. आठवड्याने तो अंक घेऊन काउंटरवर हजर. मला दरदरून घाम. मेमो, चौकशी, पेन्शन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, नाव का हो बदललंत?"

आता पूर्वजाचा खरा पराक्रम. 1909 साली बँकेने त्याला मॅनेजर करून व्हाइटहॉर्सला परत बोलावलं, तर पठ्ठ्याने राजीनामा दिला! डॉसनमध्ये लाकडाची झोपडी भाड्याने घेतली आणि लिहीत बसला. वय पस्तीस. माझं सेहेचाळीस. माझ्याही खणात राजीनाम्याचा मसुदा सहा वर्षं आहे. इंग्रजी सुधारणं चालू आहे.

परवा रात्री धीर करून सौ.ला हे सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तेव्हा त्याचं लग्न झालं होतं का?"

"नाही. 1913 ला झालं."

"आणि बढती मिळाली म्हणून त्याने नोकरी सोडली?"

"हो!"

"मग तुमची बढती येऊ द्या आधी. तेव्हा बघू."