दहा नंबरवाला

ते रापा म्हणजे हॅमिल्टन शहराचं उत्तरेकडचं टोक. दूध पावडरीचा अवाढव्य कारखाना, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि जवळून वाहणारी वायकाटो नदी. या भागात चहाच्या सुट्टीत एक वाद हमखास निघतो: न्यूझीलंडचा सर्वश्रेष्ठ 'दहा नंबर' कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये जो मान क्वार्टरबॅकचा, साधारण तोच रग्बीत दहा नंबरवाल्याचा. संघाचा खेळ त्याच्या हातून पुढे सरकतो आणि गोलावर किक मारायची जबाबदारीही बहुधा त्याच्याच गळ्यात. त्यामुळे कौतुक त्याचं आणि शिव्याही त्यालाच. आपल्याकडे सचिन की गावसकर, तसं इकडे ग्रँट फॉक्स की डॅन कार्टर. फॉक्सने १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात १२६ गुण काढले. कार्टरचे ११२ कसोटींत १५९८ गुण, हा जागतिक विक्रम. २०२३ मध्ये तो वर्ल्ड रग्बीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. इथवर भांडण गोडीगुलाबीचं असतं. मग कोणीतरी "आणि बीव्हर?" असं विचारतं, आणि चहा थंड होतो.

बीव्हर म्हणजे स्टीफन डोनाल्ड, या वायकाटोचाच खेळाडू. २०१० साली हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी शेवटी त्याची किक मैदानाबाहेर गेली नाही, ऑस्ट्रेलियाने सामना २६-२४ असा काढला आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. २०११ च्या विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव नव्हतं. विश्वचषक घरच्याच मैदानांवर, आणि नेमका कार्टर सरावात जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात गेला. डोनाल्डला बोलावणं आलं तेव्हा हा गडी वायकाटो नदीवर व्हाइटबेट नावाचे बोटभर मासे पकडत होता! अंतिम सामन्यात तिसरा दहा नंबर ॲरन क्रूडेनही गुडघा धरून बाहेर पडला. मग अंगाला घट्ट बसणारी जर्सी ओढत चौथा उतरला. ४६ व्या मिनिटाला त्याने पेनल्टी मारली. न्यूझीलंड ८, फ्रान्स ७. ते तीन गुण नसते, तर १९८७ नंतरची चोवीस वर्षांची प्रतीक्षा लांबलीच असती. त्यानंतर डोनाल्ड देशासाठी एकही कसोटी खेळला नाही.

गंमत बघा, त्या सामन्यात हरलेला फ्रेंच कर्णधार थिएरी दुसोतवार २०२३ मध्ये कार्टरबरोबरच हॉल ऑफ फेममध्ये गेला. डोनाल्ड मात्र बाहेरच.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. एली मॅनिंगने दोन सुपर बोल जिंकले, दोन्हींत सर्वोत्तम खेळाडू ठरला; पण मोसमी सामन्यांत त्याचे विजय ११७ आणि पराभवही ११७. २०२५ मध्ये तो पहिल्यांदा पात्र झाला, तेव्हा निवड समितीने त्याला घेतलं नाही.

माझा धंदा मोजमापाचा. एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून सोबत्यांचा रोष पत्करून सांगतो, माझं मत डोनाल्डला नाही. हॉल ऑफ फेम कारकिर्दीसाठी असावा. एका किकेला तिथे जागा दिली, तर अशा भाग्यवान क्षणांची रांग संपणार नाही.

पण दुसरी बाजू आपल्या मुंबईची आहे, आणि ती मला जास्त टोचते. पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ बळी. पण काळ बिशनसिंग बेदींचा, त्यामुळे कसोटी एकही नाही. २०१७ मध्ये बीसीसीआयने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ ला ते गेले. डोनाल्डकडे क्षण होता, कारकीर्द तोकडी. शिवलकरांकडे कारकीर्द होती, क्षण कोणी दिलाच नाही. म्हणजे आपण ज्याला 'कर्तृत्वाचे आकडे' म्हणतो, त्यात संधीचे आकडेही बेमालूम मिसळलेले असतात. कार्टर थोर आहेच, पण त्याच्या वाट्याला ११२ कसोटी आल्या हेही खरं.

म्हणून माझ्या यादीत कार्टर, फॉक्स आणि खेळ वेगळा असला तरी शिवलकर. डोनाल्डचं काय? त्याच्या किकेवर २०१४ मध्ये 'द किक' नावाचा चित्रपट निघाला. आणि वायकाटोत त्याचं नाव काढलं, की अनोळखी माणूसही खुर्ची ओढून बसतो नि तो सामना पहिल्यापासून सांगायला लागतो. असो. तुमच्या यादीत कोण, ते जरूर कळवा.